जत तालुक्यात लहान मुलांसाठी फिजिओ-ओटी-स्पीच टीम: एकत्र काम नक्की करायचं कसं?

जतची_फिजिओ

नमस्कार सगळ्यांना. मी फिजिओथेरपिस्ट, माहेर जतचं, नोकरी सांगलीत. गेल्या जूनपासून महिन्यातले दोन रविवार जत तालुक्याच्या पूर्व भागात, संख-उमदीच्या बाजूला, लहान मुलं बघायला जाते. सोबत मिरजेची एक ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताची आणि रोजची कामं शिकवणारी) मैत्रीण असते, महिन्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट येतात आणि जमेल तेव्हा एक आहारतज्ज्ञ ताई. सध्या 17 मुलं आहेत, निम्म्याहून जास्त सीपी (सेरेब्रल पाल्सी), दोन डाऊन सिंड्रोम, बाकीची बोलत नाहीत किंवा वर्गात बसत नाहीत म्हणून आणलेली. ज्यांना जत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सांगली जिल्ह्यातला हा सगळ्यात मोठा तालुका, आणि उमदीकडच्या माणसाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं. सांगलीला थेरपीला जायचं म्हणजे एका आईचा अख्खा दिवस, बुडालेली मजुरी आणि कडेवर 4 वर्षांचं पोर. म्हणून आपणच तिकडं जायचं ठरवलं.

आता अडचण सांगते. मागच्या खेपेला एका 3 वर्षांच्या सीपीच्या मुलाच्या आईनं पिशवीतून चार कागद काढले. एक माझा, एक ओटीचा, एक स्पीचचा, एक आहाराचा. घडी घालून घालून माझ्या कागदाच्या कडा फाटायला आल्या होत्या, म्हणजे बाई रोज उघडत होती. मी लिहिलेलं, दिवसातून तीनदा 15 मिनिटं पालथं झोपवा. स्पीचनं लिहिलेलं, भरवल्यावर अर्धा तास उभं धरून बसवा. आहारवाल्या ताईंनी लिहिलेलं, दर दोन तासांनी थोडं थोडं भरवा. ओटीनं दोन्ही हातांनी खेळायचे पाच खेळ दिलेले. तिनं चारही कागद माझ्यापुढं ठेवले आणि विचारलं, "मॅडम, पहाटे भाकऱ्या, मग वैरण, आठला रानात. यातलं आधी कुठलं करू?" मला उत्तर देता आलं नाही हो. दर दोन तासांनी भरवायचं, त्यानंतर अर्धा तास उभं धरायचं, मग पालथं झोपवायचं कधी? आम्ही चौघींनी हे एकत्र बसून बघितलंच नव्हतं. चौघी एकाच गाडीतून जातो, एकाच डब्यातलं खातो, पण त्या पोराबद्दल आम्ही कधी एकमेकींशी बोललोच नव्हतो.

तर विचारायचं असं की खेड्यात टीम म्हणून काम केलेलं कुणी असेल तर सांगा, रोजचं काम कसं वाटून घेता? दर वेळी सगळ्यांना जायला जमत नाही तेव्हा काय करता? आणि दुसरं, पूर्व भागात बऱ्याच घरात कानडी बोलतात, आमच्या स्पीचवाल्या ताईंना कानडी येत नाही, आणि एका घरी कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय की पोराशी फक्त मराठीतच बोला. हे बरोबर आहे का?

मिरजेची_स्पीच

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण ते तातडीचं आहे. त्या घरी फोन करून सांगा की कानडीतच बोला, पोटभर बोला. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल उशिरा बोलतं असं नसतं. आजीला मराठी धड येत नाही आणि तिला सांगितलंय मराठीतच बोल, तर काय होतं, आजी गप्प बसते. मग त्या पोराच्या कानावर दिवसभर पडायचं काय? थेरपी घरच्या भाषेतच व्हायला पाहिजे. तुमच्या स्पीचवाल्या ताईंना कानडी येत नसेल तर अंगणवाडीच्या सेविका किंवा आशाताईंना सोबत बसवा, आणि आईकडून तिच्या रोजच्या 20 शब्दांची यादी घ्या, पाणी, ये, दे, आजी, शेळी असे. ते शब्द ताईंनी पाठ करावेत. आणि बोलत नाही म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायला पाठवा, बेरा (ऐकू येतं का ते बघायची तपासणी) लवकरात लवकर करून घ्या, पण तोवर थेरपी थांबवू नका. टाळी वाजवली की वळून बघतो म्हणून ऐकू येतंय असं धरून चालतात आणि त्यात दोन-दोन वर्षं जातात.

आता टीमचं. आम्ही तिघी पाटणच्या डोंगरी भागात तीन वर्षं जात होतो. पहिलं वर्ष अगदी तुमच्यासारखंच गेलं, एक ना धड भाराभर चिंध्या. मग एक गोष्ट बदलली, प्रत्येक घराला आमच्यातली एकच जण ठरवून दिली. ज्या मुलाचा मुख्य प्रश्न बसण्या-उठण्याचा त्याच्याकडं फिजिओ, खाण्या-बोलण्याचा असेल त्याच्याकडं मी, हात आणि वागण्याचा असेल तिथं ओटी. घरच्यांशी बोलणार ती एकटीच, फोन नंबर तिचाच, कागद एकच. बाकीच्या दोघी तिला मागून शिकवणार. म्हणजे माझ्या घरातल्या मुलाला मांडीवर कसं धरायचं हे मला फिजिओनं करून दाखवलं, माझ्या हातानं करून घेतलं, मग मी ते आईला दाखवलं.

यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या भेटीत सगळ्यांनी मिळून एकदाच बघायचं, आणि ते शक्यतो जेवणाच्या वेळी. खरंच सांगते, एक जेवण बघितलं की तिघींचं सगळं कळतं. एका घरी आई पोराला आडवं मांडीवर घेऊन वरून चमच्यानं वरण ओतत होती, तो मान मागं टाकून गिळत होता आणि दर घासाला ठसकत होता. मी म्हणणार होते की जाडसर द्या, घास लहान करा. पण फिजिओनं आधी त्याचं कंबरडं सरळ केलं, पाय टेकवले, हनुवटी जरा खाली आणली, तर ठसकाच निम्म्यावर आला. ओटीनं चमच्याला चिंधी गुंडाळून जाड केला आणि त्याच्या हातात दिला. आईच्या कामात नवीन काहीच वाढलं नाही, जेवण ती भरवतच होती, फक्त कसं ते बदललं. त्या एका जेवणात बसणं, मान, हात, तोंड, "दे"चा आवाज, सगळी थेरपी आली. तुमच्या त्या आईला चार कागदांच्या जागी असं काहीतरी द्या. आंघोळ, जेवण, झोप, एवढ्या तीन वेळा धरा. पालथं झोपवायचं तर भरवायच्या आधी, ती भाकऱ्या करते तेव्हा चुलीपासून जरा लांब, छातीखाली वाकळेची गुंडाळी करून. भाकरीच्या आवाजाला मान उचलतो की नाही बघा.

कराडचा_पीटी

वरचं सगळं पटलं, पण एक काळजी आहे, म्हणून लिहितोय. एकीनं दुसरीचं काम करायचं याला मर्यादा घाला आणि ती लिहून ठेवा. साधा ठसका वेगळा आणि जेवल्यावर आवाज ओला होणं, घरघर, सारखा न्यूमोनिया, वजन न वाढणं हे वेगळं. ते दिसलं की व्हिडिओवर निभावून न्यायचं नाही, स्पीचवालीनं स्वतः बघायचं आणि बालरोगतज्ज्ञांकडं पाठवायचं. तसंच स्प्लिंट किंवा एएफओ (घोट्याला-पायाला आधार द्यायचा साचा), मापाशिवाय दुसऱ्याचा जुना वापरायला देऊ नका, एका मुलाच्या टाचेला त्यानं जखम झालेली मी बघितलीय. न चालणाऱ्या सीपीच्या मुलांचे खुब्याचे एक्स-रे ठराविक काळानं व्हायला पाहिजेत, खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळं घरचे काही म्हणत नाहीत. आणि फिट्सच्या गोळ्या. "दोन महिने फिट आली नाही म्हणून बंद केल्या" हे दर खेपेला ऐकायला मिळतं. गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं हे टीममधल्या प्रत्येकानं सांगायचं, ते कुणा एकट्या डॉक्टरचं काम समजायचं नाही.

आता 2021 चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा पण आलाय, फिजिओ, ओटी आणि आहारतज्ज्ञ त्यात आहेत, स्पीच मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडं येतं. कुणी काय केलं याची नोंद प्रत्येक भेटीला सहीसकट ठेवा. मुलाच्या भल्यासाठीही तेच बरं, तुमच्या बचावासाठीही.

आटपाडीची_आई

मी काय डॉक्टर न्हाई, पण माझी पोरगी 7 वर्सांची हाय, सीपी, म्हणून लिहिते. चुकलं तर समजून घ्या.

ती दोन वर्सांची असताना तालुक्याला मोठं शिबिर झालं. सकाळी सातला निघालो, दुपारी दोनला नंबर लागला. चार टेबलं मांडलेली, चार टेबलांवर चारदा तेच सांगितलं, बाळंतपणाला किती वेळ लागला, रडली का न्हाई, काचेच्या पेटीत किती दिवस होती. चौथ्या टेबलावर मला रडूच फुटलं. प्रत्येकानं एकेक चिठ्ठी दिली. पुढच्या महिन्यात परत येणार म्हणाले, आले 11 महिन्यांनी, ते पण दुसरीच माणसं, परत पहिल्यापासनं सांगा. त्याच्यानंतर मी शिबिराला जायाचंच सोडलं. मला कुणाचा राग न्हाई, पण सारखी सारखी आशा लावू नये माणसाला.

मग एक ओटी मॅडम याय लागल्या, एकट्याच, पण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. शनिवारी आटपाडीला बाजार असतोय, मेंढरांचा मोठा बाजार, सगळी गावं त्या दिवशी येतात, वडाप मिळतंय, माणूस तसाबी येणारच. तो वार त्यांनी धरला. एकदा पावसात न्हाई येता आलं तर आदल्या रात्री फोन करून सांगितलं. तेवढ्यानं माझा विश्वास बसला. तुमी पण रविवारचं बगा, तिकडं बाजार कवा असतोय ते इचारा.

अजून दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे आमच्या घरी सासूबाईंनी हा म्हटल्याशिवाय काय होत न्हाई. मॅडमनी पहिल्या दिवशी त्यांनाच खाली बसवलं, पोरीचा हात त्यांच्या हातात दिला, मालिश तुमीच करता नव्हं, मग अशी करा, मूठ अशी उघडा म्हणून दाखवलं. आता मी रानात असले तरी म्हातारी करतीया, आणि शेजारणीला पण दाखवतीया. आधी म्हणायची करणी केलीया कुणीतरी.

दुसरं असं का आमच्याकडची आणि तुमच्या जतकडची पण लई माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं फडावर. पाच-सहा महिने ती पोरं तुमच्या गाडीला गावात घावणारच न्हाईत. मग म्हणू नका आई-बाप बेफिकीर. जायच्या आधी त्यांना फायलीचा फोटो मोबाईलमधी टाकून द्या, गोळ्या किती दिवसांच्या ते बगा, आणि कुठल्या कारखान्याला जाणार ते लिहून घ्या म्हणजे तिथल्या दवाखान्यात दाखवता येईल. कोपीत करता येईल असंच सांगा. तिथं कॉट न्हाई, भिंत न्हाई, पाचट हाय.

माझी पोरगी आता गावच्या सुतारानं केलेल्या खुर्चीत बसून सोताच्या हातानं भात खाती. निम्मा सांडतोय. पण खाती.

समावेशित_शिक्षक

आईंचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही. मी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत विशेष शिक्षक आहे, खानापूर-विटा भागात, बारा वर्षं झाली. ज्या मुलाला शाळेत येणं शक्यच नाही त्याच्या घरी जाऊन शिकवणं हे आमचं कामच आहे, त्यामुळं तुमच्या 17 मुलांतल्या 6 वर्षांवरच्या बहुतेकांची नावं तुमच्या तालुक्यातल्या माझ्यासारख्या कुणाकडं तरी असणार. गटसाधन केंद्रात जाऊन भेटा. मी ज्या घरी दर आठवड्याला जातो तिथं थेरपिस्टनं मला दोन गोष्टी नीट दाखवल्या तर त्या मी करून घेऊ शकतो. पण आम्हाला कुणी विचारतच नाही, आम्ही शिक्षण खात्याचे आणि तुम्ही आरोग्याचे, मूल मात्र एकच.

तसंच आरबीएसकेची गाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंत. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट असतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. तपासणीत सापडलेल्या मुलाला पुढं जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे लवकर उपचाराच्या केंद्रात पाठवायचं, हे कागदावर चांगलंच आहे. पण गळती होते ती मधल्या रस्त्यात. चिठ्ठी मिळाली आणि मूल पोचलंच नाही. तुम्ही महिन्यातून दोनदा जाताय ना, तर त्या पथकाकडून पाठवलेल्या मुलांची यादी घ्या आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारा, गेला होता का, नसाल तर काय आडलं. बहुतेक ठिकाणी सोबतीला माणूस नव्हतं किंवा त्या दिवशी पैसे नव्हते एवढंच उत्तर येतं.

पैशाचं विचारलं नाहीत पण सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आधी काढून घ्या, त्याच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. कार्ड असलं की एसटीला सवलत मिळते. ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, 1 लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. ही गोष्ट माझ्या भागातल्या दहातल्या आठ घरांना माहीत नव्हती. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावात ते वर्षाअखेरीला सरसकट वाटून टाकतात. ग्रामसेवकांना आधीच भेटून त्यातून खुर्ची, वॉकर, शाळेच्या संडासाला दांडी असं काही मागा. आमच्या एका गावात संडासाला 3 फुटांची दांडी बसली आणि एक मुलगी दुपारपर्यंत शाळेत थांबायला लागली. त्याआधी ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही, लागू नये म्हणून. हे आम्हाला कळलं कधी, तर ओटी मॅडमनी तिला विचारलं तेव्हा. मी चार वर्षं तिला शिकवत होतो.

मिरजेची_स्पीच

@समावेशित_शिक्षक सर, याचसाठी शिक्षक टीममध्ये पाहिजेत आणि याचसाठी टीममध्ये एकमेकांना विचारलं पाहिजे. तुमचं चुकलं असं नाही.

@कराडचा_पीटी दादा, तुमचं बरोबर आहे, आम्ही पण वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, काय दिसलं की थांबायचं. आणि जतच्या ताई, दर खेपेच्या आदल्या रात्री अर्धा तास फोनवर सगळ्या एकत्र या. आम्ही नऊ ते साडेनऊ बोलायचो. एका मुलाला चार मिनिटं, ज्याचं अडलंय त्याचंच. जी येणार नाही तिनं तिचं म्हणणं तेव्हाच सांगायचं. मधल्या दिवसात आईनं एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा, पण तो त्या एकीलाच, ग्रुपवर नाही. लोकांच्या पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नका, आईंना ते आवडत नाही आणि त्या तोंडावर सांगत नाहीत.

जतची_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघींनी हा धागा एकत्र बसून वाचला, आणि खरं सांगायचं तर या मुलांसाठी म्हणून आम्ही एकत्र बसण्याची ही पहिलीच वेळ.

ठरलंय ते असं. त्या 3 वर्षांच्या मुलाच्या घरी पुढच्या रविवारी चौघीही जाणार, दुपारच्या जेवणाला, आणि ते चारही कागद परत घेणार. त्याचं घर माझ्याकडं. बाकीची 16 घरं वाटून झाली, त्यातली 5 कानडी घरं ओटी मैत्रिणीकडं, तिचं आजोळ विजापूरचं, तिला कानडी बऱ्यापैकी येतं. तीन वर्षांच्या मैत्रीत हे मला माहीतच नव्हतं. मराठीतच बोला सांगितलेल्या घरी तिनं सकाळीच फोन केला, आजी फोनवर पाऊण तास बोलल्या. ऊसतोडीला जाणारी सहा घरं आहेत, त्यांचं दसऱ्याच्या आत उरकायचं, गोळ्यांसकट. लाल पेनाचं पान पण केलंय. वाराचं मात्र अडलंय, बाजाराच्या दिवशी आम्हा चौघींना सुट्टी नसते. दोघींनी आळीपाळीनं रजा टाकायची असं चाललंय. कुणाला यावर काही सुचत असेल तर सांगा.

@आटपाडीची_आई ताई, तुम्ही लिहिलेलं माझ्या मैत्रिणीनं दोनदा मोठ्यानं वाचलं. त्या खुर्चीचा फोटो आणि माप पाठवाल का? आमच्याकडच्या सुताराला दाखवते.

आटपाडीची_आई

पाठवते की ताई, फोटो मेसेजमधी टाकते. पण माप माझ्या पोरीचं तुमच्या पोराला लागू व्हायचं न्हाई. आमच्या मॅडमनी असं घेतलं होतं, पोरीला बसवून टाचेपासनं गुडघ्यापर्यंत एक सुतळी, गुडघ्याच्या मागनं पाठीपर्यंत एक सुतळी, काखेपर्यंत एक. तीन गाठी मारून सुतळ्याच सुतारमामाला दिल्या. फळ्या आंब्याच्या हायेत. पुढं जेवायचा पाट, त्याला पोटाजवळ गोल कापलंय. दोन्ही पायाच्या मधी एक ठोकळा हाय, चिंधी गुंडाळून, न्हाईतर ती पाय कातरीसारखे करती आणि घसरती. पाय लोंबकळू द्यायाचे न्हाईत, खाली फळी पायजेच. आणि मामाला सांगा खालची फळी खिळ्यानं ठोकू नको, नटबोल्टनं बसव, म्हणजे पोर वाढलं की खाली सरकवता येती. आमची दोनदा सरकवून झाली.